एकाहत्तर नंबरचा ड्रम

सौदी अरेबियात मला कोणी पोस्टिंगवर पाठवलं नव्हतं. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि खेड तालुक्यातल्या घरी आंब्याच्या कलमांना पाणी घालू लागलो. सहा महिन्यांत बायको वैतागली. म्हणाली, "तुम्ही आता कलमांनाही फॉल-इन करायला लावाल. त्यापेक्षा कुठंतरी नोकरी बघा." तेव्हा गेलो. पण गेल्यावर मी ती पोस्टिंगच मानली. रोज पाचला उठायचं, दाढी करायची, इस्त्रीची पँट घालायची. वाळवंटात इस्त्री कोणाला दाखवता, असं विचारणारे भेटले. त्यांना मी उत्तर देत बसलो नाही.

फौजेत दोन सवयी माझ्या अंगात मुरल्या होत्या. एक, सरकारी माल मागे सोडून यायचं नाही. काम संपलं की शेवटची खुंटीसुद्धा उपटून, मोजून, स्टोअरला जमा. दुसरी, चौकशीत साहेब विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. या दोन्ही सवयींचा मला अभिमान होता. आज सांगतो आहे ते या दोन सवयींनी काय केलं ते.

आखाती युद्ध होऊन काही वर्षं झाली होती. आमची कंपनी तेलासाठी जमिनीचा सर्व्हे करणारी, ठेक्यावर काम घेणारी. तिचं मुख्य यार्ड अबकैकजवळ होतं. कॅम्प तिथून बराच दक्षिणेला, डांबरी रस्ता सोडून सत्तर किलोमीटर आत. पत्र्याची केबिनं, एक मेस, दोन जनरेटर आणि सेहेचाळीस माणसं. आम्ही गेलो तेव्हा नकाशावर त्या भागात पिवळ्या रंगाशिवाय काही नव्हतं. पाणी, डिझेल, पीठ, बटाटे, पत्रं, सगळं त्या सत्तर किलोमीटरवरून येई.

तो ट्रॅक माझ्या ताब्यात होता. मी ट्रॅक फोरमन. वाळूवर रस्ता टिकत नाही. दोन तास वारा सुटला की चाकांच्या खुणा पुसल्या जातात. म्हणून दर अर्ध्या किलोमीटरला एक रिकामा ड्रम उभा केला होता. अर्धा वाळूने भरलेला, पांढरा रंगवलेला, त्यावर लाल आकडा. डांबरी रस्त्याजवळ एक नंबर, कॅम्पच्या फाटकाशी एकशे चाळीस. सत्तर नंबरपर्यंत ट्रॅक जवळजवळ सरळ होता. सत्तर आणि एकाहत्तरच्या मध्ये तो एकदम डावीकडे वळे, कारण समोर सबखा होती. सबखा म्हणजे खाऱ्या चिखलाची जमीन. वरून कडक पापुद्रा दिसतो, वीस टनांची गाडी गेली की पापुद्रा फुटतो आणि गाडी आसापर्यंत खाली बसते. एकाहत्तर नंबरचा ड्रम मी मुद्दाम थोड्या उंचवट्यावर ठेवला होता. तो दिसला की ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवायचं, एवढं सोपं होतं.

पाण्याचा टँकर चालवायचा हसन मुकादम. गुहागरकडचा, खाडीकाठच्या गावातला. आधी काही वर्षं मालाच्या होडीवर तांडेल होता. अंगाने आडवा, गडी हसरा. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. कॅम्पवर कोकणातले आम्ही दोघंच, त्यामुळे शुक्रवारच्या नमाजानंतर सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी हा कार्यक्रम ठरलेला. भाकऱ्या तो थापायचा, मी फक्त नावं ठेवायचो. माझ्या ड्रमांना तो "तुमची पोरं" म्हणे. कॅम्पवर पोहोचला की खिडकीतून हात काढून ओरडायचा, "इस्माईलभाय, एकशेचाळीस पोरांना सलाम करून आलो. सगळी जागेवर हायत!"

रेडिओवरही तो असाच बोलायचा. मी त्याला खूपदा टोकलं. सेटवर इंग्लिश बोल, कॉल साइन घे, मोजकं बोल. तो म्हणायचा, "माजा इंग्लिश ऐकून तुमचा सेट बिघडेल." शेवटी 'टँकर टू' एवढं म्हणायला शिकला. त्यापुढचं कोकणीच.

कॅम्पचा प्रमुख रॉय नावाचा अमेरिकन होता. साठीला आलेला, शांत. पश्चिम टेक्सासातला. संध्याकाळी मेसमध्ये चहा घेताना तो आपल्या मुलखाबद्दल बोले. त्याच्याकडे एक अफाट पठार आहे, त्याच्या नावातच खुंट्या आहेत. डोंगर नाही, झाड नाही, क्षितिजापर्यंत नुसतं गवत. पहिल्यांदा तिथे शिरलेल्या लोकांनी परतीची वाट सापडावी म्हणून जाता जाता खुंट्या ठोकल्या, त्यावरून ते नाव पडलं, असं रॉय सांगे. नावाबद्दल दुसरीही मतं आहेत म्हणे, पण त्याला हेच पटलेलं. नंतर फौजेच्या सर्व्हे तुकड्या आल्या, मग गुरंवाले, मग त्याच्या पणजोबासारखी बैलगाड्यांतून बायकापोरं घेऊन आलेली माणसं. त्यांनी विहीर खणली, पवनचक्की उभी केली, चार घरं झाली, मग दुकान, मग शाळा.

"तिकडे जळायला लाकूड नव्हतं," रॉय म्हणाला होता. "पणजोबा शेण वाळवून जाळायचा. थंडीत पोरं कुडकुडायची. पण वाटेवरची जुनी खुंटी त्याने कधी उपटली नाही. तो म्हणायचा, मागून कोण येतंय ते आपल्याला ठाऊक नसतं."

मी विचारलं, "आणि त्या लोकांना पाणी कुणी दाखवलं?"

रॉयने कप खाली ठेवला. "तिथे आधीपासून राहत होते त्यांनी. पुढे त्यांनाच हाकलून दिलं. नकाशावर आमच्या लोकांची नावं आहेत, त्यांचं एकही नाही." हे बोलताना त्याने सलीमकडे पाहिलं.

सलीम आमचा वाटाड्या. चाळिशी ओलांडलेला बदू, म्हणजे वाळवंटातला भटका, त्याच भागातला. बापाबरोबर उंटांमागे फिरून त्याला ती जमीन पाठ होती. पाहिलं तर किडकिडीत माणूस, पायात चपला, दातांत मिस्वाकची काडी. कॅम्पची जागा त्याने निवडली, सबखा कुठे आहे हेही त्यानेच दाखवलं. हिंदी आणि अरबीची खिचडी करून तो आमच्याशी बोले. मी त्याला वाटाड्याच समजत होतो, त्याहून जास्त काही नाही. हा माझा तोरा होता, आणि तो मी लपवतही नव्हतो.

मग सौदीकरण आलं. अमुक जागांवर सौदी माणूसच हवा, असे कागद यार्डातून येऊ लागले. एक दिवस त्यात ट्रॅक फोरमनची जागा होती. रॉयने मला बोलावून सांगितलं, सलीमला घेतोय, तुला एक्झिट, म्हणजे कायमचं घरी, पंधरा दिवसांत चार्ज दे. मी "येस सर" म्हणून बाहेर आलो. केबिनमध्ये जाऊन बूट पॉलिश केले, ते आधीच चकाकत होते. मला राग आला होता. ज्याला रजिस्टरवर ओळ धरून लिहिता येत नाही त्याच्या हाती माझा ट्रॅक. त्याच आठवड्यात रॉय रजेवर टेक्सासला गेला आणि माझ्यावर कोणी उरलं नाही.

मी ठरवलं, चार्ज असा द्यायचा की वर्षानुवर्षं नाव निघावं. मागून कोणी म्हणायला नको की हिंदी फोरमनने माल कमी दिला. प्रत्येक फावडं, प्रत्येक दोर, प्रत्येक डबा यादीत. तेव्हाच पलीकडच्या बाजूने पन्नास किलोमीटरचा नवा ट्रॅक तयार झाला होता, लोखंडी खांब लावलेला. तो सुरू झाला की जुना बंद. जुन्या ट्रॅकवरचे एकशेचाळीस ड्रम माझ्या नावावर होते. ते उभे राहिले तर यादीत लिहावं लागणार, 'जागेवर, न मोजलेले'. असा शेरा मी सतरा वर्षांत कधी लिहिला नव्हता. मी ड्रम उचलून कॅम्पच्या ऑफिससमोर ओळीत रचायचं ठरवलं.

सलीमला सांगितलं तेव्हा तो मान हलवत म्हणाला, "सदीक, मा फी शील." म्हणजे मित्रा, काढू नकोस. "बदू रस्त्यावर दगडावर दगड ठेवतो. रस्ता बंद झाला, माणूस मेला, विहीर आटली, तरी दगड कोणी काढत नाही. उभी केलेली खूण आपली राहत नाही."

"हा दगड नाही. कंपनीचा ड्रम आहे," मी म्हणालो. "आणि अजून चार्ज माझ्याकडे आहे."

 खरं तर एकाने टेक्सासातून आणि एकाने इथूनच, दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. मी ऐकली ती फक्त कानांनी.

सोमवार. ०६०० ला नवा ट्रॅक सुरू झाला. ०६१५ ला मी सेटवर संदेश दिला.

"ऑल स्टेशन्स, ओल्ड ट्रॅक क्लोज्ड. यूज न्यू ट्रॅक ओन्ली. अॅकनॉलेज. ओव्हर."

यार्डाने 'रॉजर' दिलं. दुसऱ्या टँकरने दिलं. सर्व्हे पार्टीने दिलं. टँकर टू गप्प होता. हसन शनिवारपासून इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नव्याने करायला दम्मामला गेला होता, त्याची गाडी यार्डात बंद उभी होती. हे मला माहीत होतं. मी लॉगमध्ये लिहिलं, 'टँकर टू, नॉट कॉन्टॅक्टेड', आणि यार्डवाले सांगतील असं धरून चाललो. यार्डात क्लार्कची पाळी बदलली आणि निरोप तिथेच राहिला. पण निरोप देणं माझं काम होतं, क्लार्कचं नव्हतं.

मार्ग बंद करायची सॅपरची, म्हणजे फौजी इंजिनिअरची, पद्धत ठरलेली आहे. आधी मार्गाचं तोंड बंद करायचं, तिथे बोर्ड आणि अडथळा. मग प्रत्येकाकडून पोच घ्यायची. खुणा उचलायच्या सगळ्यात शेवटी. मी हे नव्या जवानांना शिकवलेलं आहे. पण तोंड सत्तर किलोमीटरवर डांबरी रस्त्याला होतं. तिथपर्यंत रिकामं जाण्यात एक दिवस मोडला असता. माझ्याकडे ट्रक होता, चार माणसं होती. मी कॅम्पच्या बाजूनेच उचलायला सुरुवात केली. एकशेचाळीस, एकशे एकोणचाळीस, असं उलटं. १६३० पर्यंत सत्तर ड्रम निघाले. शेवटी निघाला तो एकाहत्तर. उरलेले मंगळवारी काढायचे, तेव्हाच तोंडही बंद करायचं, असा बेत.

म्हणजे सोमवारी संध्याकाळी स्थिती अशी होती: डांबरी रस्त्यावरून येणाऱ्याला एक ते सत्तर ड्रम नीट उभे दिसणार होते. त्यापुढे काहीच नाही. संपूर्ण रस्ता पुसला असता तर माणूस पहिल्या किलोमीटरला थांबला असता. मी अर्धा ठेवला होता.

मंगळवारी सकाळी आकाश भगवं झालं. उन्हाळ्यातला शमाल, उत्तरेचा धुळीचा वारा. ०९०० पर्यंत मेसचं दार दिसेनासं झालं. मी ड्रम उचलणारी पार्टी थांबवली आणि ऑफिसात यादी लिहायला बसलो. सेट चालू होता. ०९४० ला खरखर सुरू झाली आणि मधूनच आवाज आला.

"टँकर टू... टँकर टू..."

मी हँडसेट उचलला. "टँकर टू, सेंड. ओव्हर."

"इस्माईलभाय, एकाहत्तर खंय हाय? मना दिसत नाय."

यावेळी मी त्याला टोकलं नाही. म्हटलं, "हसन, थांब. गाडी थांबव. जुना ट्रॅक बंद आहे. एकाहत्तर मी काढलाय. गाडीतच बस. मी येतो. ऐकलंस? ओव्हर."

खरखर. मग तुटक शब्द. "...गाडी बसली... पोर जवळच असेल... बगतो..."

"हसन, गाडीतून उतरू नको! एकाहत्तर तिथे नाही! ओव्हर!"

पुढे फक्त खरखर होती. मी तेच वाक्य अकरा वेळा बोललो. लॉगमध्ये वेळा आहेत, ०९४४ पासून १००५ पर्यंत. त्यातलं एकही त्याला पोहोचलं की नाही हे मला आजही माहीत नाही. पोहोचलं नसावं.

सलीम दारात उभा होता. त्याने 'एकाहत्तर' एवढाच शब्द ऐकला आणि सगळं ओळखलं. आम्ही १०२० ला लँड क्रूझर काढली. अंतर पस्तीस किलोमीटर. ड्रम असते तर मीटरवर अर्धा किलोमीटर मोजायचा, उतरून ड्रम शोधायचा, पुन्हा पुढे, असं करत दुपारपर्यंत पोहोचलो असतो. आता मोजायचं कशावरून? मी प्रिझमॅटिक कंपास काढला. दहा पावलांपलीकडे काही दिसत नसताना कंपासने रोख कशावर धरायचा? सलीम उतरून वाळूवर हात फिरवायचा, वाऱ्याकडे गाल करायचा, मग दिशा दाखवायचा. साडेतीन तासांत नऊ किलोमीटर गेलो आणि मऊ वाळूत रुतलो. उकरून गाडी काढली. सलीमने माझा हात धरला.

"खलास," तो म्हणाला. "आता पुढे गेलो तर दोन गाड्या शोधाव्या लागतील."

मी म्हणालो, जाऊ. तो म्हणाला, "तुझ्या ड्रमांवरून मी डोळे बांधून गेलो असतो." रागाने नाही म्हणाला. मला राग चालला असता. आम्ही परतलो. नव्या ट्रॅकने वळसा घातला तर पावणेदोनशे किलोमीटर, आणि पोलिसांनी डांबरी रस्ता बंद केल्याचं यार्डाने कळवलं.  ओळीत रचलेले सत्तर ड्रम ऑफिसच्या खिडकीसमोर होते.

बुधवारी पहाटे वारा पडला. ०५०० ला निघालो, ०७५० ला पोहोचलो. टँकर सबखेत उजव्या अंगावर कलला होता. दार बंद, काच वर, चावी जागेवर. टाकी काठोकाठ भरलेली, झाकणाला सील. हसन नव्हता.

सबखेचा ओला पापुद्रा पावलं धरून ठेवतो. वारा त्यांना लवकर पुसू शकत नाही. सलीम वाकून चालू लागला, मी मागे. दारापासून पावलं निघाली होती, अगदी सरळ रेषेत. मी मोजली. सहाशे ऐंशी. तिथे ती थांबली, जागच्या जागी फिरली आणि गाडीकडे परत आली. पुन्हा दारापासून, थोडी उजवीकडे. सुमारे तेवढीच. पुन्हा परत. तिसऱ्यांदा आणखी उजवीकडे. चौथ्यांदा डावीकडे. पंख्याच्या काड्यांसारख्या रेषा, प्रत्येक साधारण अर्धा किलोमीटर.

सलीम उभा राहिला. "हा भटकला नाही," तो म्हणाला. "हा मोजून चालत होता. अर्धा किलोमीटर. ड्रम शोधत होता."

पाचवी रेषा सबखेच्या कडेपर्यंत गेली आणि वाळूत शिरल्यावर पुसली गेली. परत आलेली नव्हती. ०८४० ला तो आम्हाला सापडला, गाडीपासून दोन किलोमीटरवर, एका छोट्या टेकाडाच्या आडोशाला. रुमाल तोंडावर ओढलेला. हातात एक लिटरची बाटली, रिकामी. मागे टाकीत कॅम्पला आठवडाभर पुरेल इतकं गोडं पाणी.

मी त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. सुटल्या होत्या. 

होफूफच्या कबरस्तानात त्याला दफन केलं. सलीमने खांदा दिला. घरच्यांच्या वतीने मूठभर माती मीच टाकली.

चौकशी शनिवारी यार्डात झाली. टेबलामागे सेफ्टी ऑफिसर, बाजूला क्लार्क. मी सावधान उभा राहिलो. बसा म्हटलं तरी बसलो नाही.

"ड्रायव्हर कोणत्याही परिस्थितीत गाडी सोडणार नाही, अशी स्टँडिंग ऑर्डर आहे?"

"येस सर."

"मयताला ती माहीत होती?"

"येस सर. मीच शिकवली होती."

"जुना ट्रॅक बंद केल्याचा संदेश तुम्ही दिला होता?"

"येस सर. सोमवारी ०६१५. यार्डाने पोच दिली."

"मयताने गाडी सोडली?"

"येस सर."

"दॅट्स ऑल."

ड्रमांबद्दल त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. सलीमला साक्षीला बोलावलंच नव्हतं, इंग्लिश येत नाही म्हणून. रिपोर्टमध्ये एक वाक्य आलं: ड्रायव्हरने स्थायी आदेशाविरुद्ध वाहन सोडले. मी त्याखाली सही केली. फौजेत असताना मी जवानांना सांगायचो की गप्प राहणं ही पण शिस्त आहे. त्या दिवशी ती शिस्त नव्हती, भीती होती. आणि आणखी एक गोष्ट होती, ती भीतीहून वाईट. माझा चार्ज स्वच्छ राहावा असं मला तेव्हाही वाटत होतं.

मी कॅम्पवर परतलो तेव्हा सलीम ऑफिसात माझ्या खुर्चीवर बसला होता. समोर यादी.

"सही कर," मी म्हणालो. "ड्रम एकशेचाळीस. सत्तर रचलेले, सत्तर उभे."

"आधी जुन्या ट्रॅकवर सगळे परत लाव," तो म्हणाला.

"तो ट्रॅक बंद आहे. तिथून कोणी जाणार नाही."

"ठाऊक आहे. यल्ला, चल, हवालदार."

ती त्याची पहिली ऑर्डर. मी सलाम केला, अगदी कडक. दोन दिवस लागले. एकाहत्तर मी एकट्याने लोटत उंचवट्यावर नेला, वाळू भरली, पुन्हा रंगवला. परत आलो तेव्हा सलीमने यादीतला एकशेचाळीसचा आकडा खोडून अरबी आकड्यांत एकशे एकोणचाळीस लिहिलं आणि सही केली. जो ड्रम यादीत नाही तो पुढे कोणी फोरमन उचलणार नाही, एवढा हिशेब त्याला कळला होता. ज्याला रजिस्टर लिहिता येत नाही असं मी म्हणत होतो तो हा माणूस.

रॉय रजेवरून येण्याआधी मी मायदेशी आलो. नंतर कळलं, त्याने नकाशावर त्या वळणाशी 'हसन' असं नाव लिहिलं. आज तिथे डांबरी रस्ता आहे, पेट्रोल पंप आहे, मशीद आहे, एक बकाला, म्हणजे किराणा दुकानही आहे म्हणतात. ड्रम आहे की नाही ते मला कोणी सांगू शकलं नाही.

हसनच्या घरी मी सामान घेऊन गेलो होतो. बायको जैबुनभाबी, आणि चार वर्षांचा याकूब. मी एवढंच सांगितलं की वादळ होतं. रिपोर्टातलं वाक्य त्यांना कंपनीच्या कागदावरून कळलंच होतं. त्यानंतर दर ईदला मी त्या घरी गेलो. शिरकुर्मा खाल्ला. पोराच्या शाळेचं विचारलं. वीस वर्षं गेलो.

गेल्या महिन्यात याकूबला ड्रायव्हरचा व्हिसा आला. सौदीतल्या रास तनुराला निघाला आहे. निरोपाच्या दुपारी मी तिथे होतो. बॅगा दारात होत्या. जैबुनभाबीने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काय पण होवो, बापासारखी गाडी सोडू नको. त्यांनी ऐकलं असतं तर आज असते."

याकूब म्हणाला, "नाय सोडणार, अम्मी." हे त्याने इतक्या सरळपणे म्हटलं की ते त्याला लहानपणापासून पाठ होतं हे कळत होतं. त्या घरात हसनची एवढीच ओळख उरली होती. ज्याने ऐकलं नाही तो माणूस.

मी उभा राहिलो. सावधान उभा राहिलो की काय ते आठवत नाही. सगळं सांगितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. ड्रम, यादी, पावलं.  सांगून झाल्यावर जैबुनभाबीने विचारलं, "म्हंजे माजा नवरा चुकला नव्हता?"

"नव्हता."

"आणि वीस वर्सं मी त्याला..." तिने माझ्यापुढचा अर्धा कप चहा उचलून आत नेला. परत आली तेव्हा डोळे कोरडे होते.

"लिहून द्या," ती म्हणाली. "माज्या पोराला वाचता येतं. त्याला सोबत न्यायला द्या. आणि मग आमच्याकडे येऊ नका."

म्हणून लिहून देतो आहे. मी चौकशीत दिलेला जबाब अपुरा होता. तो असा पुरा करावा.

हसन इब्राहीम मुकादम, ड्रायव्हर, टँकर टू. ड्युटीवर असताना मृत्यू. गाडी त्याने सोडली, पण आदेश धुडकावून नाही. पुढची खूण अर्ध्या किलोमीटरवर आहे, असं त्याला मी शिकवलं होतं. त्याने ती पाच वेळा शोधली. ती मी आदल्या दिवशी उचलून नेली होती.